‘पोलिसी खाक्या’ आणि कायदा : सहा गैरसमज

एखाद्या संतापजनक गुन्ह्याची बातमी आली की चर्चा हमखास एका वाक्यावर येते : ‘आरोपीला चौदावं रत्न दाखवा, पोपटासारखा बोलेल.’ पीडितांच्या घरच्यांचे हाल पाहून कुणाचेही रक्त उसळते, त्यामुळे या संतापाचे कारण कळते. पण छळाबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज त्या एका वाक्यात भरलेले आहेत, आणि त्यांची किंमत कोठडीत कुणीतरी मोजत असते. म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : मारल्याशिवाय खरे बाहेर येत नाही.

वस्तुस्थिती : मारामुळे माणूस बोलतो, पण समोरच्याला जे ऐकायचे आहे ते बोलतो. आपल्याकडच्या कायद्याला हे दीडशे वर्षांपूर्वीच उमगले होते. 1855 साली मद्रास प्रांतातल्या चौकशी आयोगाने महसूल आणि पोलीस खात्यातल्या छळाच्या पद्धती नोंदवल्या. माणसाची बोटे ‘किट्टी’ नावाच्या लाकडी चापात पिळली जात. मान वाकवून पायाच्या अंगठ्यांशी बांधून त्याला तसेच ठेवले जाई. पुढे 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि 1872 च्या पुरावा कायद्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असा नियम आला. आजच्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कलम 23 मध्ये कायम आहे. मात्र त्याला अपवाद आहेत. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. महाराष्ट्राच्या 1999 च्या मोक्का कायद्यात तर पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुलीही ग्राह्य धरली जाते. जिथे कबुलीला किंमत आहे, तिथे ती काढून घेण्याचा मोह होतो.

खोट्या कबुलीमुळे किती अनर्थ होऊ शकतो, याचे उदाहरण फार जुने नाही. अल-कायदाशी संबंधित इब्न अल-शेख अल-लिबी याला अमेरिकेने आपल्या कोठडीतून इजिप्तच्या ताब्यात दिले. तिथे त्याने इराक आणि अल-कायदा यांचे संबंध ‘सांगितले’. 2003 साली इराकयुद्धाच्या तोंडावर संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या भाषणात त्या जबाबाचा आधार घेतला गेला. पुढच्याच वर्षी त्याने तो जबाब नाकारला. तोवर युद्ध सुरू झालेले होते.

गैरसमज २ : छळ म्हणजे मारहाण. अंगावर वळ नाही, तर छळ नाही.

वस्तुस्थिती : संयुक्त राष्ट्रांच्या 1984 च्या छळविरोधी कराराने केलेल्या व्याख्येत तीव्र वेदना शारीरिक असो की मानसिक, दोन्ही येतात. माहिती काढण्यासाठी, शिक्षा म्हणून, धाक बसवण्यासाठी किंवा भेदभावापोटी सरकारी अंमलदाराने जाणूनबुजून दिलेली, किंवा त्याच्या संमतीने वा मूकसंमतीने दिली गेलेली यातना म्हणजे छळ.

1971 साली उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांनी 14 संशयितांवर पाच युक्त्या वापरल्या : तासन्‌तास भिंतीला टेकवून अवघडलेल्या अवस्थेत उभे करणे, डोक्यावर पिशवी घालणे, सतत कर्कश आवाज ऐकवणे, झोपू न देणे आणि अन्नपाणी तोडणे. या पाच युक्त्यांना लाठीची गरजच नव्हती. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 1978 मध्ये याला ‘छळ’ म्हटले नाही. ‘अमानुष आणि अवमानकारक वागणूक’ ठरवले. पण युरोपच्या मानवी हक्क कराराचा भंग झाला, हे मान्य केले. बंदी या दोन्हींवर आहे आणि ती सारखीच पक्की आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या सेल्वी निकालात संमतीविना केलेली नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग चाचणी घटनाबाह्य ठरवली. सुईने कुठे जखम दिसत नाही. पण माणसाचे मन त्याच्या इच्छेविरुद्ध उघडणे ही त्याच्या स्वातंत्र्यात केलेली घुसखोरी आहे, हे न्यायालयाने मानले.

गैरसमज ३ : गुंडांची धिंड काढली, बेड्या घातल्या, तर काय बिघडले?

वस्तुस्थिती : ज्या वस्तीत गुन्हा केला त्याच वस्तीतून संशयितांना चालवत न्यायचे, उठाबशा काढायला लावायच्या, हात जोडून माफी मागायला लावायची आणि त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरू द्यायचा, हा प्रकार आपल्या शहरांत नवा राहिलेला नाही. बघ्यांना त्यात न्याय दिसतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो माणूस अजून फक्त आरोपी असतो, आणि दोषी ठरला तरी ‘धिंड’ नावाची शिक्षा कुठल्याही कायद्यात नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारातले कलम 7 अवमानकारक वागणुकीलाही मनाई करते. भारत 1979 पासून त्या कराराला बांधील आहे.

बेड्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या प्रेमशंकर शुक्ला निकालात सरसकट बेड्या घालणे अमानुष ठरवले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने ठरावीक गंभीर गुन्ह्यांत, गुन्ह्याचे स्वरूप पाहून, बेड्या घालायची मुभा दिली आहे. पण ती पळून जाण्याला आवर घालण्यासाठी आहे, लोकांना तमाशा दाखवण्यासाठी नाही.

गैरसमज ४ : निष्पापांचा जीव धोक्यात असेल तेव्हा छळाला सूट असते.

वस्तुस्थिती : नाही. युद्ध, अंतर्गत अस्थिरता, आणीबाणी यांपैकी कशाचीही सबब चालणार नाही, असे छळविरोधी करार स्पष्ट म्हणतो. ‘वरून हुकूम होता’ हेही समर्थन होत नाही. भाषणस्वातंत्र्यावर किंवा सभास्वातंत्र्यावर वाजवी बंधने घालता येतात. छळापासून मुक्त राहण्याच्या हक्कावर घालता येत नाहीत.

2002 साली जर्मनीत फ्रँकफर्टला एका 11 वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले. मुलगा कुठे आहे हे सांग, नाहीतर असह्य वेदना देऊ, अशी धमकी पोलिसांनी आरोपीला दिली. तो बोलला, पण मुलाचा जीव आधीच गेला होता. 2010 मध्ये युरोपीय न्यायालयाच्या मोठ्या पीठाने निकाल दिला की हेतू कितीही चांगला असला तरी नुसती धमकीसुद्धा अमानुष वागणूक आहे. त्याच वेळी आरोपीची जन्मठेप मात्र न्यायालयाने कायम राहू दिली, कारण दोष सिद्ध करणारी त्याची कोर्टातली कबुली वेगळी होती. छळ नाकारला म्हणजे गुन्हेगार सुटतोच, हे खरे नाही.

गैरसमज ५ : हा सगळा गुन्हेगारांचा कैवार आहे. आपण सरळ वागतो, आपल्याला कसली भीती?

वस्तुस्थिती : छळ होतो तो खटल्याच्या आधी, जेव्हा कोण दोषी हे ठरलेलेच नसते. 1 डिसेंबर 1987 रोजी ओडिशात जेराईकेला पोलीस चौकीत 22 वर्षांच्या एका तरुणाला चोरीच्या चौकशीसाठी आणले. रात्री आठच्या सुमाराला आई नीलाबती बेहेरा जेवण घेऊन गेल्या. मुलाच्या हातात बेड्या होत्या, दोरही बांधलेला होता. तो जेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेरुळाजवळ सापडला. पोलिसांचे म्हणणे होते की पहाटे तीनला त्याने दोर दातांनी कुरतडून पळ काढला आणि गाडीखाली आला. डॉक्टरांच्या साक्षीतून समोर आले ते वेगळे : जखमा लाठीसारख्या बोथट वस्तूच्या माराशी जुळणाऱ्या होत्या.

त्या आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि 1993 मध्ये दीड लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मूलभूत हक्क पायदळी तुडवले गेले तर सरकारला थेट भरपाई द्यावी लागेल, ‘सार्वभौम सत्ता’ ही ढाल तिथे चालणार नाही, हे तत्त्व या निकालाने पक्के केले. चौकशीला बोलावलेल्या माणसाकडे वकील, पैसा किंवा ओळख नसेल, तर छळावरच्या बंदीशिवाय त्याला दुसरे संरक्षण नसते.

गैरसमज ६ : भारतात छळाविरुद्ध पुरेसा कायदा आहे.

वस्तुस्थिती : काही आहे, पुरेसा नाही. कबुली काढण्यासाठी इजा केल्यास न्याय संहितेच्या कलम 120 नुसार सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत केल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. डी. के. बसू प्रकरणाने 1996 मध्ये अटकेचे 11 नियम घालून दिले. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे सीसीटीव्ही बसवायला सांगितले.

पण छळविरोधी करारावर भारताने 1997 मध्ये सही केली आणि अजून तो मंजूर केलेला नाही. 2010 मध्ये लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक संमत केले. राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेले आणि पुढे बारगळले. विधी आयोगाने 2017 मध्ये पुन्हा मसुदा दिला. कोठडीत जखम झाली असेल तर ती पोलिसांनीच केली असे गृहीत धरावे, ही सूचना तर आयोगाने 1985 पासून लावून धरली आहे. या दिरंगाईची झळ तपासालाही बसते. 1995 च्या पुरुलिया शस्त्र प्रकरणातल्या मुख्य आरोपीला भारतात पाठवायला डेन्मार्कच्या न्यायालयाने 2011 मध्ये नकार दिला, कारण इथे आरोपीचा छळ होण्याची भीती न्यायालयाला वाटली.

अटकेतल्या माणसाचे हक्क आपल्याला माहीत असले तरच उपयोगी पडतात. अटकेचा मेमो नातेवाइकाच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित व्यक्तीच्या सहीने झाला पाहिजे. 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायाधीशांसमोर हजर केले पाहिजे. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मागून घेता येते. रिमांडच्या वेळी न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ ज्यांच्या कोठडीत परत जायचे तेच पोलीस मागे उभे असतात, म्हणून अनेकजण ‘नाही’ म्हणतात. तेव्हा शेजारी वकील असणे, नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळवणे, आणि जखम असेल तर ती त्याच क्षणी नोंदवायला सांगणे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

छळावरची बंदी मान्य करणे म्हणजे गुन्ह्याला माफी देणे नव्हे. गुन्हेगाराला शिक्षा व्हायची तर ती पुराव्यावर उभी असली पाहिजे, आणि चांगला तपास करणाऱ्या पोलिसालाही हेच हवे असते. म्हणून करार मंजूर करा आणि छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा आणा, ही मागणी आपल्या खासदारांकडे आपण लावून धरली पाहिजे.