पाद्र्यांविना अडीचशे वर्षं

आशा मावळली की श्रद्धाही विझते, असं आपण धरून चालतो. जपानचा इतिहास वेगळं सांगतो. गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये तिथे पोचले. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पाद्री हाकलले गेले किंवा मारले गेले. तरीही नागासाकीच्या आसपासची शेतकरी-कोळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. कशी? मला वाटतं, त्यांनी श्रद्धा मनाच्या उभारीवर सोडलीच नाही. ती कामांत वाटून घेतली. कुणी सणवारांची तारीख सांभाळली, कुणी बाळांना बाप्तिस्मा दिला, प्रार्थना तोंडपाठ करून मुलांना दिल्या. एकाचं मन खचलं तरी बाकीच्यांचं काम चालूच राही.

पण हेच लोक अधिकाऱ्यांसमोर ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय देत, मग श्रद्धा कसली, असा आक्षेप येतो. तो गंभीर आहे, कारण पाय द्यायला नकार देऊन अनेकांनी प्राण दिले. मात्र ज्यांनी पाय दिला, त्यांतल्या कित्येकांनी घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना केली. निव्वळ सवय असती तर पश्चात्ताप कशाचा? १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये उराकामीच्या गावकऱ्यांनी फ्रेंच पाद्र्यापुढे आपली श्रद्धा उघड केली, तेव्हा बंदी कायम होती. उराकामीतल्या तीन हजारांहून अधिक जणांना पुढे हद्दपारी भोगावी लागली. बंदी १८७३ मध्ये उठली.