खुराड्यात येणारी नवी कोंबडी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, ढाणकी व उमरखेडच्या परिसरात, शेतीला जोड म्हणून पाच-दहा गावठी कोंबड्या पाळणारी घरे पुष्कळ आहेत. अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतो व त्यातूनच मुलांच्या वह्या-पेन्सिली येतात. मुंगसाने एखादी कोंबडी नेली किंवा एखादी म्हातारी होऊन अंड्यावरून गेली, म्हणजे बाजारातून एक नवी तलंग आणली जाते. पाय बांधून, उलटी धरून आणलेली ही तलंग त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडली जाते. सकाळी ती रक्ताळलेल्या डोक्याने कोपऱ्यात बसलेली आढळते. कधी याहून वाईट घडते : पंधरवड्याच्या आत सारे खुराडेच ओस पडते.

या दोन आपत्तींची कारणे अगदी भिन्न आहेत. पहिलीचे कारण कोंबड्यांच्या स्वभावात आहे, दुसरीचे रोगात. गावात अशा वेळी शिक्षकाला विचारले जाते, म्हणून त्याने दोन्ही नीट समजून घेतलेली बरी.

रोगाचा विचार आधी करावा, कारण चोचीच्या माराने एक कोंबडी जाते, रोगाने सर्व जातात. गावठी कोंबड्यांचा मोठा शत्रू म्हणजे मानमोडी. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे तो ओळखला गेला, म्हणून त्याला राणीखेत रोग असेही म्हणतात. तोंड उघडून श्वास घेणे, हिरवट पातळ विष्ठा, पंख लुळे पडणे व मान पिळवटणे ही त्याची लक्षणे. रोगाचा शिरकाव झाल्यावर लक्षणे दिसेपर्यंत दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत काळ जाऊ शकतो. म्हणजे बाजारात टवटवीत दिसलेली कोंबडी घरी रोग घेऊन येऊ शकते. यास्तव नवी कोंबडी निदान तीन आठवडे खुराड्यापासून दूर, घराच्या दुसऱ्या बाजूस, वेगळ्या भांड्यातील दाणा-पाणी देऊन ठेवावी. आधी जुन्यांचे काम उरकावे, नवीचे शेवटी करावे व नंतर हातपाय धुवावेत. याच काळात तिच्या पिसांच्या बुडाशी उवा आहेत काय, पायांवरचे खवले उचललेले आहेत काय, हेही पाहून घ्यावे. प्रतिबंधक लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून सर्व कोंबड्यांना एकदमच टोचून घेणे सोयीचे पडते. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मरू लागल्यास मुलांना त्यांना हात लावू देऊ नये व दवाखान्याला तत्काळ कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळल्यापासून ही दक्षता ऐच्छिक राहिलेली नाही.

आता स्वभावाविषयी. थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकास लहानपणापासूनच घरच्या कोंबड्यांचे निरीक्षण करण्याचा नाद होता. कोणती कोंबडी कोणीला टोचते, याच्या नोंदी त्याने ठेवल्या. त्यांवरून १९२०-३० च्या दशकाच्या आरंभी त्याने दाखवून दिले की, प्रत्येक कळपात मानाची एक उतरंड असते. वरची खालचीला टोचते; खालची उलट टोचत नाही, बाजूला होते. उतरंड एकदा ठरली की भांडणे जवळजवळ थांबतात, दाणा शांतपणे खाल्ला जातो. शिकागो विद्यापीठात गुल व ॲली यांनी १९४४ मध्ये असे प्रसिद्ध केले की, ज्या कळपातील कोंबड्या वारंवार बदलल्या जातात, त्यांत टोचाटोची अधिक होते व खाणे कमी होते. तेव्हा नवी आल्यावर होणारी मारामारी हा निव्वळ दुष्टपणा नव्हे; मोडलेली घडी पुन्हा बसविण्याची ती खटपट आहे.

यात एक साधे गणित आहे व ते चौथीच्या मुलासही उमजेल. आठ कोंबड्यांत अठ्ठावीस जोड्या होतात आणि त्या साऱ्यांचे तंटे पूर्वीच मिटलेले असतात. नववी आली की आठ नवे तंटे उभे राहतात. परंतु जुन्या प्रत्येकीच्या वाट्याला त्यांतील एकच येतो, नवीच्या वाट्याला आठही. शिवाय जागा, दाण्याचे ठिकाण, लपण्याचा आडोसा, हे सर्व जुन्यांच्या ओळखीचे. म्हणून एकटी आलेली कोंबडी अंगाने थोराड असली तरी हरते. पुष्कळदा ती जखमेने मरत नाही. दाण्या-पाण्यापर्यंत पोहोचू न दिल्यामुळे खंगते.

यावरूनच उपाय सुचतो. तीन आठवडे संपल्यावर नवीला अंगणात जाळीआड किंवा डालग्याखाली, सावलीत, आठवडाभर रोज काही तास ठेवावे. दिसावी, पण टोचता येऊ नये. डालग्याच्या बाहेर दाणा टाकला म्हणजे जुन्या कोंबड्या तिच्याजवळ खाण्यास सरावतात. नंतर जुन्यांपैकी एखादी शांत कोंबडी निवडून दोन-चार दिवस तिच्याबरोबर ठेवावी. आठांपैकी एक तंटा असा आधीच मिटतो व कळपात शिरताना नवी अगदीच एकटी पडत नाही. कळपात सोडण्यासाठी दिवस कलतानाची वेळ निवडावी. त्या वेळी कोंबड्यांचे लक्ष चरण्याकडे असते आणि अंधार लवकरच तंटा थांबवितो. ज्वारी किंवा कण्या एकाच ठिकाणी न ओतता अंगणभर विखुराव्यात. पाण्याची भांडी निदान दोन, एकमेकांपासून दूर ठेवावीत. कोपऱ्यात तुऱ्हाट्यांचा उभा आडोसा करावा, मात्र त्याला दोन्हीकडून वाट असावी. पिल्लेवाली कोंबडी असताना हे काम पुढे ढकलणेच शहाणपणाचे, कारण ती परकीला जवळ फिरकू देत नाही.

नवीला रात्री गुपचूप खुराड्यात ठेवले की जुन्यांना कळत नाही, असा समज सर्वत्र आहे. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, हे खरे. रात्र त्यामुळे निभावते. परंतु कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके व तुरा यांवरून ओळखतात, व पहाटे परकी तत्काळ ओळखली जाते. आधीची ओळख झाली असेल तरच रात्रीची युक्ती उपयोगी पडते; आणि तेव्हाही खुराड्याचे दार उजाडताच उघडले पाहिजे, म्हणजे तिला पळण्यास जागा मिळेल.

पहिले काही दिवस थोडी टोचाटोची चालेल. तीत पडू नये. रक्त दिसले तर मात्र थांबू नये, कारण लाल रंगावर सर्वच जणी तुटून पडतात. जखम पुसून, हळद लावून, ती सुकेपर्यंत कोंबडीला जाळीआड ठेवावे, परंतु कळपाच्या नजरेसमोरच. दोन-तीन आठवडे दृष्टिआड झालेली कोंबडी पुष्कळदा पुन्हा परकी समजली जाते आणि सारी खटपट मुळापासून करावी लागते. रोज सायंकाळी छातीवरची दाण्याची पिशवी बोटांनी चाचपावी. ती रिकामी लागली, तर कोंबडीला वेगळे खाऊ घालावे.

परिसर अभ्यासाच्या तासाला हा विषय उत्तम घेता येतो. वर्षाच्या मध्येच शाळेत आलेल्या मुलाशी नव्या कोंबडीची तुलना करण्याचा मोह येथे होईल. तो आवरावा, मुले कोंबड्या नव्हेत. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत अशा मुलांनी त्यांच्या पायांत निरनिराळ्या रंगांचे दोरे सैल बांधावेत आणि रोज दाणा टाकताना पंधरा मिनिटे कोणी कोणीला टोचले ते वहीत लिहावे. उभ्या व आडव्या रकान्यांत त्याच कोंबड्यांची नावे घालून तक्ता केला की आठवड्याभरात उतरंड आपोआप दिसू लागते. नवी आल्यावर तिच्या रकान्यात प्रथम खुणांची गर्दी होते. ती गर्दी दिवसेंदिवस विरळ होत गेली आणि नवी इतरांच्या बरोबरीने दाणा टिपू लागली, म्हणजे डालगे उचलून ठेवण्यास हरकत नाही.