नंदीच्या पायथ्याचे लग्न आणि वऱ्हाडींची भटकंती

बेंगळुरूच्या उत्तरेला साधारण साठ किलोमीटरवर नंदीदुर्ग आहे. समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर उंचीचा हा डोंगर नंदी हिल्स या नावाने जास्त ओळखला जातो. २००८ साली देवनहळ्ळीला नवा विमानतळ सुरू झाला आणि डोंगराच्या पायथ्याचा भाग बाहेरगावच्या पाहुण्यांना जवळचा झाला. आज चिक्कबळ्ळापूर, दोड्डबळ्ळापूर आणि देवनहळ्ळीच्या आसपासच्या रिसॉर्टांमध्ये लग्ने लागतात. त्यांत मराठी घरची लग्नेही असतात. मुलगी किंवा मुलगा बेंगळुरूत नोकरीला, व्याही बहुधा कन्नड किंवा तेलुगू आणि वऱ्हाड पुण्या-मुंबईहून, सोलापूर-कोल्हापुरातून आलेले, असे चित्र आता नेहमीचे झाले आहे.

असे लग्न दोन-तीन दिवस चालते. पण सीमांतपूजन, हळद, मुहूर्त आणि स्वागतसमारंभ यांच्या मधे बराच वेळ मोकळा राहतो. गावातल्या लग्नात पाहुणा नातेवाइकांकडे जातो, बाजारात चक्कर मारतो. डोंगराच्या पायथ्याला त्याला खोली आणि हिरवळ एवढेच उरते. यजमानांनी आमंत्रणाबरोबरच भटकंतीचाही विचार केला, तर तोच वेळ सत्कारणी लागतो. नंदीचा परिसर त्यासाठी फार मोठा खजिना आहे. पाहुण्यांना मात्र तिथला सूर्योदय दाखवण्यापलीकडे सहसा कोणी जात नाही.

सूर्योदयाबद्दल काही गोष्टी आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. गडाचे फाटक सर्वसाधारणपणे सकाळी सहाला उघडते. थंडीत सूर्य त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने उगवतो, त्यामुळे गाडी फाटकाशी पहाटेच पोचलेली असावी लागते. शनिवार-रविवारी सारे बेंगळुरू इथे लोटते आणि गाड्यांवर निर्बंधही येतात. म्हणून मुहूर्त रविवारचा असेल, तर वऱ्हाडाने गड शुक्रवारीच करावा. पाऊस सरल्यापासून थंडी संपेपर्यंत खालचे खोरे ढगांनी भरून गेलेले दिसण्याची शक्यता जास्त असते. मराठी लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते, तेव्हा हा योग चांगला जुळतो. पुढे पौषात मराठी घरी लग्ने होत नाहीत आणि कन्नड घरी धनुर्मास टाळतात, त्यामुळे दोन्हीकडचे खंड जवळपास एकाच सुमारास येतात. काही सकाळी मात्र ढग खाली न राहता गडावरच चढून बसतो आणि दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. अशा वेळी तासभर थांबावे, पांढरा पडदा विरताना डोंगर एकेका कड्याने उघडा होतो. स्वेटर आणि कानटोपी हवीच, बेंगळुरूच्या हवेवर भरवसा ठेवून पातळ कपड्यांत आलेली माणसे वर कुडकुडतात.

गडावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. टिपूचे उन्हाळी निवासस्थान, अमृत सरोवर नावाचा पायऱ्यांचा तलाव, दक्षिण भारतीय धाटणीचे योगनंदीश्वराचे मंदिर आणि सरळ तुटलेला ‘टिपूज ड्रॉप’ हा कडा ही ठिकाणे बहुतेक सगळे पाहतात. कैद्यांना या कड्यावरून ढकलून देत, अशी कथा सांगितली जाते. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, ऑक्टोबर १७९१ मध्ये, इंग्रजांनी हा किल्ला वेढा घालून आणि तोफांनी तट फोडून घेतला. त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने होत्या. तटावर उभे असताना हे ठाऊक असले, तर मराठी पाहुण्याला तो दगड परका वाटत नाही. १९८६ साली बेंगळुरूला सार्क परिषद भरली, तेव्हा सदस्य देशांचे नेतेही नंदीवर आले होते. पक्षी पाहणाऱ्यांसाठी तर हा डोंगर तीर्थक्षेत्रच आहे. खडकाळ झुडपांत राहणारा, दक्षिण भारताबाहेर न आढळणारा पिवळ्या गळ्याचा बुलबुल इथे दिसतो. माकडे धीट आहेत, म्हणून खाऊ पिशवीतच ठेवावा.

चालण्याची हौस असलेल्या तरुण मंडळींना सुलतानपेटच्या बाजूने पायऱ्यांची जुनी वाट आहे. जवळचा स्कंदगिरी हा डोंगर त्याहून कसाचा. रात्री चढून पहाट गाठायची प्रथा पूर्वी तिथे होती. आता ट्रेक वनखात्याच्या परवानगीने आणि आधी नोंदणी करूनच होतात. हळदीच्या दिवशी स्कंदगिरी करून आलेला नवरदेवाचा मित्र संध्याकाळी संगीताला उभा राहू शकत नाही, म्हणून तो बेत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा लग्न आटोपल्यावर ठेवावा.

लग्नाच्या वऱ्हाडाने सर्वांत आधी जिथे जावे, ती जागा मात्र डोंगरावर नाही. पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचे मंदिर आहे. त्याच्याशी निगडित लेख नवव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे जातात. पुढे चोळ, होयसळ, विजयनगर अशा राजवटींनी भर घातल्यामुळे सारे संकुलच शिल्पशैलींचा वस्तुपाठ झाले आहे. अरुणाचलेश्वर आणि भोगनंदीश्वर ही इथली दोन मोठी गर्भगृहे. अरुणाचलेश्वर म्हणजे शिवाचे बालपण, भोगनंदीश्वर म्हणजे तारुण्य आणि गडावरचा योगनंदीश्वर म्हणजे विरक्ती, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच वरच्या देवळात उत्सवाचा थाट नाही आणि खालच्या देवळाने कोरीव कामात हात आखडता घेतलेला नाही. या दोन गर्भगृहांच्या मधे उमामहेश्वराचे लहानसे देऊळ असून त्याच्यापुढे कल्याणमंडप आहे. काळ्या दगडाच्या चार खांबांवर शिव-पार्वती, विष्णू-लक्ष्मी, ब्रह्मा-सरस्वती, अग्नी-स्वाहा अशा जोड्या कोरल्या आहेत. खांबांच्या मधून चढत गेलेल्या वेली आणि त्यांत बसलेले पोपट इतके नाजूक आहेत की दगडाचा जडपणा विसरायला होतो. नवविवाहित जोडपी इथे आशीर्वादाला येतात. मंगलाष्टका आणि सप्तपदी झाल्यावर वधूवरांनी घरच्या मोजक्या माणसांसह सकाळी इथे यावे. ही अर्ध्या तासाची भेट लग्नातल्या कुठल्याही छायाचित्रणाहून मोलाची आहे. शेजारी पायऱ्यांनी चहूबाजूंनी बांधलेली पुष्करिणी आहे. नंदीने शिंग खुपसून गंगा वर काढली, ती इथेच, असे लोक मानतात. ज्येष्ठांना चढ चालत नाही, त्यांच्यासाठी हे मंदिर सोयीचे, जवळजवळ सपाटीवरचे आणि सावलीचे आहे.

पायथ्यालाच मुद्देनहळ्ळी हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे जन्मगाव आहे. त्यांच्या घरात स्मारक-संग्रहालय आहे आणि समाधीही गावातच आहे. पुणेकर वऱ्हाडाने ही भेट चुकवू नये. विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, स्थापत्य शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. पाणी एका पातळीला पोचले की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी तयार केले आणि १९०३ मध्ये ते खडकवासल्याला बसवले. म्हैसूरचे दिवाणपद आणि ‘भारतरत्न’ या पुढच्या गोष्टी. ज्या खडकवासल्याचे पाणी पुणेकर पितात, त्याचा धागा या लहानशा गावाशी जोडलेला आहे हे मुलांना इथेच सांगावे.

अंगावरच्या शालूशी आणि पैठणीशी नाते सांगणारे ठिकाण म्हणजे शिडलघट्टा. रेशीमकोषांचा हा मोठा बाजार चिक्कबळ्ळापूरजवळच आहे. सकाळी शेतकरी कोष घेऊन येतात आणि लिलाव होतो. कोषांचे ढीग दुरून भुईमुगाच्या शेंगांसारखे दिसतात. बाजारापासून जवळच्या रिळिंगच्या युनिटांत कोष गरम पाण्यात टाकून त्यांचे टोक शोधतात. अनेक कोषांच्या तंतूंचा मिळून एक धागा बनतो आणि चाकावर गुंडाळला जातो. वाफेचा आणि कोषाचा उग्र वास पहिल्यांदा जाणाऱ्याला सोसत नाही. येवल्याचे पैठणी विणकर रेशीम बेंगळुरूच्या बाजारातूनही घेतात, म्हणजे नवरीच्या पैठणीतला धागा याच प्रदेशातल्या कोषाचा असू शकतो. हे पाहायला साड्या खरेदी करणाऱ्या मावश्या-काकवा फार आवडीने येतील. स्थानिक माणूस सोबत असला म्हणजे भाषेची अडचण येत नाही आणि काम करणाऱ्यांनाही त्रास होत नाही.

याच खोऱ्यात ‘बेंगळुरू ब्लू’ या जांभळ्या, बियांच्या द्राक्षांचे मळे आहेत. या वाणाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. रस, जाम आणि वाइन या तिन्हींसाठी हे द्राक्ष वापरतात. नंदीच्या पायथ्याशी वाइनरीही आहे, आधी नोंद केली तर ती पाहता येते. संध्याकाळसाठी चिक्कबळ्ळापूरजवळ आदियोगी हा शिवाचा ११२ फुटी पुतळा आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याचे अनावरण झाले. सुटीच्या दिवशी तिकडच्या रस्त्यावर गर्दी असते, म्हणून तिथे रिसेप्शनच्या दिवशी जाऊ नये.

परतीच्या दिवशी वाट ज्या दिशेची असेल, त्या बाजूची जागा पाहावी. विमानाने जाणाऱ्यांना देवनहळ्ळीचा किल्ला वाटेवरच पडतो. टिपूचा जन्म या गावात झाला. तट आणि बुरुज अजून शाबूत आहेत आणि तटाच्या आत माणसांची वस्तीही आहे. रेल्वेने जाणाऱ्यांच्या हाती तास-दोन तास असतील, तर त्यांनी शहरात मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वर मंदिर पाहावे. १६३८ मध्ये बेंगळुरू आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. त्यांचे पुत्र एकोजी यांनी या मंदिराला गाव दान दिल्याचा १६६९ चा शिलालेख उपलब्ध आहे. मंदिर उंचावर, जुन्या झाडांच्या सावलीत आहे. समोरच नंदितीर्थ आहे, तिथे नंदीच्या मुखातून पाणी शिवलिंगावर पडते. मल्लेश्वरमच्या बाजारातून फुले आणि फराळ घेऊन स्टेशनवर वेळेत पोचता येते.