गुन्हेगार सापडतो, खटला उभा राहत नाही

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथेची घडी ठरलेली असते. प्रेत सापडते, पोलीस अधिकारी धागेदोरे जुळवतो आणि अखेरीस खुनी गजाआड होतो. कथेत हेरगिरी शिरली, की ही घडी विस्कटते. खुनी सापडतो खरा. परंतु वरून निरोप येतो, ‘याला हात लावू नका.’ हा केवळ पटकथाकाराचा कल्पनाविलास नव्हे. त्यामागे ब्रिटनच्या शासनव्यवस्थेतील एक वास्तव आहे.

एमआय-५ ही संस्था १९०९ साली स्थापन झाली. परकीय हेरांचा माग काढणे हे तिचे काम. मात्र तिच्या अधिकाऱ्यांना कोणाला अटक करण्याचा अधिकार नाही. त्यासाठी पोलिसांची, पूर्वी मुख्यतः स्कॉटलंड यार्डच्या स्पेशल ब्रँचची, मदत घ्यावी लागे. पोलिसांना न्यायालयात टिकेल असा पुरावा हवा असतो. हेरखात्याला माहिती हवी असते आणि ती कोठून मिळाली हे उघड होणे त्याला परवडत नाही. त्यामुळे एकाला जो माणूस आरोपी वाटतो, तोच दुसऱ्याला उपयोगाचा वाटू शकतो.

या संघर्षाचे उत्तम चित्रण अँथनी होरोविट्झ यांच्या ‘फॉइल्स वॉर’ (२००२ ते २०१५) या मालिकेत आढळते. मायकेल किचन यांनी साकारलेला फॉइल हा युद्धकाळातील हेस्टिंग्जचा पोलीस अधिकारी. युद्धानंतरच्या भागांत तो स्वतःच एमआय-५मध्ये दाखल होतो. ‘सनफ्लॉवर’ (२०१३) या भागात सोव्हिएत संघाविषयी माहिती देणाऱ्या एका माजी नाझी अधिकाऱ्याच्या रक्षणाची जबाबदारी त्याच्यावर येते. ज्याला न्यायासमोर उभे करायचे, त्यालाच सांभाळायचे!

वास्तवही याहून वेगळे नव्हते. १९७९च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बीबीसीने जॉन ल कारे यांच्या कादंबरीवरील ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ ही मालिका दाखवली. हेरखात्यातच दडलेल्या फितुराचा शोध हा तिचा विषय. ती संपून महिनाही लोटला नव्हता, तोच नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी संसदेत जाहीर केले, की राजघराण्याच्या चित्रसंग्रहाचे माजी प्रमुख अँथनी ब्लंट हे सोव्हिएत हेर होते. ब्लंट यांनी १९६४ सालीच कबुली दिली होती. मोबदल्यात त्यांना खटल्यापासून अभय मिळाले होते. पंधरा वर्षे जनतेला याची गंधवार्ताही नव्हती.

या गुप्त व्यवस्थेची दुसरी बाजू मराठी वाचकाला परिचित आहे. लंडनच्या हायगेट भागातील ‘इंडिया हाऊस’वर स्कॉटलंड यार्डची पाळत असे, आणि १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर विनायक दामोदर सावरकर यांना अटक झाली. कोणाला अभय द्यायचे आणि कोणावर पाळत ठेवायची, हे दोन्ही निर्णय बंद दाराआडच होत. एमआय-५ला तर कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते थेट १९८९ साली.

म्हणूनच या मालिकांत ‘खुनी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी कथा संपत नाही. त्याच्यावर खटला भरायचा की नाही हे कोण ठरवतो, आणि त्या ठरवणाऱ्याला जाब कोण विचारतो, हा प्रश्न शिल्लक उरतो.