विलायतेतला गावगाडा

विलायतेतील खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. नाताळच्या भेटकार्डावर ते छापलेले असते, बिस्किटांच्या डब्यावर ते रंगविलेले असते. काडाने शाकारलेली बुटकी घरे, भिंतींवर चढलेले गुलाब, मधोमध चर्चचा दगडी मनोरा आणि ओढ्याकाठी संथपणे फिरणारी पाणचक्की! इंग्रजी कादंबऱ्या वाचून वाढलेल्या आपल्या कैक पिढ्यांनी या खेड्यावर मनोमन प्रेम केले आहे. चित्र खोटे नाही. पण अपुरे आहे. त्या घरांतली माणसे खात काय होती, कमावीत किती होती आणि त्यांचे हात दिवसभर कशात गुंतलेले असत, हे त्यात कोठेच दिसत नाही.

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. या त्रेसष्ट वर्षांत इंग्लंडचे खेडे आतून पार बदलून गेले. १८५१ च्या शिरगणतीत इंग्लंडची निम्म्याहून अधिक वस्ती शहरवासी झाल्याचे प्रथमच आढळून आले. तरीही त्या वेळी देशातला सर्वांत मोठा धंदा शेतीचाच होता. गावाची रचना तीन मजली असे. वर जमीनदार, म्हणजे ‘स्क्वायर’; मधे त्याची जमीन खंडाने करणारा शेतकरी; आणि तळाला शेतमजूर. या मजुराला स्वतःची जमीन नसे आणि पुष्कळदा घरही नसे. घर शेतकऱ्याचे, नोकरी सुटली की छप्परही सुटले!

या तीन मजल्यांच्या आधाराने गावातले कारागीर राहत. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून बलुतेदारांचे जग नोंदवून ठेवले. तसे एक पुस्तक इंग्रजीत १९२३ साली निघाले. त्याचा कर्ता जॉर्ज स्टर्ट. सरे परगण्यातील फार्नहॅम गावी त्याच्या घराण्याचा गाड्या व चाके बनविण्याचा कारखाना होता. स्टर्ट हा शाळामास्तर. पण १८८४ साली वडिलोपार्जित धंदा अंगावर पडला आणि आपल्या कारागिरांपुढे आपण किती अडाणी आहोत हे या शिकलेल्या माणसाला उमगले.

साधे चाक घ्या. त्याचा तुंबा एल्म लाकडाचा, कारण एल्मचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की ते सहसा चिरफळत नाही. आरे ओकचे, कारण भार पेलायचा तो त्यांना. बाहेरचे पुठ्ठे बहुधा ॲशचे, कारण ॲश लवचिक; धक्का सोसते. लाकूड कापले की लगेच वापरायचे नाही. जितके इंच जाडी तितकी वर्षे ते वाळत ठेवायचे. म्हणजे बापाने रचून ठेवलेल्या फळ्या कधीकधी मुलाने रंधायच्या! चाक सपाट नसे, बशीसारखे किंचित खोलगट असे. घोडा चालताना गाडी डावी-उजवीकडे हेलकावते, तो आडवा दाब सोसण्यासाठी ही युक्ती. शिवाय कोणत्या शेतकऱ्याची जमीन चिकट, कोणाची चढाची, कोणत्या वाटेवर चाकोऱ्या किती रुंद, हे सारे कारागिराला ठाऊक असे आणि गाडी त्या बेताने बने. यातले काहीही कागदावर नव्हते. ते डोळ्यांत होते, मनगटांत होते.

चाक झाले की काम लोहाराचे. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान करायची, गोल पेटविलेल्या आगीत लाल होईतो तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि घणाचे घाव घालून खाली उतरवायची. लाकूड पेट घेते न घेते तोच वरून पाण्याच्या झाऱ्या! वाफेच्या लोटात धाव आकसे, सांधे करकरत आणि सारे चाक मुठीत आवळल्यासारखे घट्ट होई. हा सोहळा पाहायला गावातली पोरे जमत, यात नवल ते काय?

लोहाराचा भाता तर दिवसभर विसावत नसे. घोड्यांना नाल ठोकणे, नांगराचे फाळ पाजणे, दाराच्या बिजागऱ्या करणे ही सारी कामे त्याचीच. छपरे शाकारणारा गावोगाव फिरे. पिठाची चक्की वाऱ्यावर किंवा पाण्यावर चाले. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी खटारेवाला पेठेच्या गावी जाई आणि सुयांपासून औषधापर्यंत सर्वांचे सामान घेऊन परते. मात्र आपल्या बलुत्यात आणि या व्यवहारात एक भेद ध्यानी घेण्याजोगा आहे. तेथे कारागिराला धान्याचा हक्काचा वाटा नव्हता. हिशेब रोकडीचा असे, पण शेतकरी तो वर्षातून एकदा, नाताळच्या सुमारास, चुकता करी.

बायकाही रिकाम्या नसत. बकिंगहॅमशर आणि आसपासच्या परगण्यांत त्या उशीवर टाचण्या रोवून, लाकडी बॉबिनांवरचा दोरा फिरवून लेस विणीत. हिवाळ्याच्या संध्याकाळी एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल ठेवून त्यातून एकवटलेल्या उजेडाच्या ठिपक्यात कित्येक जणी काम करीत. लूटन गावाच्या टोप्यांसाठी बेडफर्डशर व हर्टफर्डशरमध्ये घरोघर गव्हाच्या काडाच्या वेण्या वळल्या जात. दोन्ही कामे पाच-सहा वर्षांच्या पोरांनाही शिकवीत. त्यासाठी ‘शाळा’ असत आणि त्यांत अक्षरापेक्षा कामच अधिक असे. पुढे नॉटिंगहॅमच्या यंत्रांनी लेसवाल्यांचे पोट मारले आणि चीन-जपानहून आलेल्या स्वस्त वेण्यांनी काडवालींचे. मँचेस्टरच्या कापडाने आपल्या विणकरावर जी पाळी आणली, तीच यंत्रयुगाने खुद्द इंग्रज बायकांवरही आणली होती.

आता तळमजल्यावर जाऊ. सालगड्यांची निवड जत्रेत होई. नोकरी शोधणारी माणसे रांगेने उभी राहत. धनगराच्या टोपीला लोकरीचा झुपका, गाडीवानाच्या टोपीला चाबकाची दोरी. शेतकरी येई, अंगकाठी पाही आणि सौदा पटला की हातावर इसाराचा शिलिंग ठेवी. थॉमस हार्डीच्या १८७४ सालच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’मध्ये असा बाजार आला आहे. गवंड्याच्या पोटी जन्मलेल्या हार्डीला ही माणसे दुरून पाहावी लागली नव्हती.

मजुराच्या घरखर्चाचा हिशेब पाहायचा तर फ्लोरा थॉम्प्सन या लेखिकेकडे जावे. तिचा जन्म १८७६ चा, ऑक्सफर्डशरमधील ज्युनिपर हिल या तिसेक घरांच्या वाडीतला. १८८० नंतरच्या दशकात तेथे धडधाकट पुरुषाची मजुरी आठवड्याला दहा शिलिंग, म्हणजे अवघा अर्धा पौंड होती. त्यातून भाडे, भाकरी, बूट, आणि घरात सहा-सात तोंडे! मग संसार निभे तो परसातल्या बटाट्यांवर आणि घरामागच्या डुकरावर. डुकराचे नाव काढल्याने कोणी नाक मुरडू नये. त्या घराची ती कोकणातल्या फणसासारखी, देशावरच्या दुभत्या म्हशीसारखी दौलत होती. पोरे शाळेतून येताना त्याच्यासाठी रानपाला व गोगलगाई वेचून आणीत, रविवारी पुरुष एकमेकांची डुकरे पाहायला जात. तंगी फार झाली तर त्या जिवंत डुकराचा निम्मा भाग आगाऊ गहाण पडे. कापणीनंतर बायकापोरे शेतात सरवा वेचीत. काही गावी चर्चची घंटा झाल्यावाचून कोणी शेतात पाऊल टाकीत नसे. त्या सरव्याचे पीठ हिवाळ्याची बेगमी होई.

मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की परगावी मोलकरणी होत. मुलगे त्याहून लहानपणी शेतात पाखरे राखायला जात. आणि म्हातारपणी हातपाय थकले की उरे ते ‘वर्कहाऊस’. १८३४ च्या कायद्याने उभारलेल्या या अन्नछत्रात नवराबायकोंचीही ताटातूट होई. जन्मभर दुसऱ्याची शेते पिकविलेल्या माणसाला याच दाराची सर्वांत अधिक धास्ती असे.

ही माणसे मुकाट होती काय? नव्हती. वॉरिकशरच्या बारफर्ड गावी जोसेफ आर्च नावाचा मजूर होता. नवव्या वर्षी तो बारा तासांच्या दिवसाला चार पेन्स घेऊन कावळे हाकीत होता. पुढे कुंपण छाटण्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही आणि तो मेथॉडिस्ट पंथाचा प्रवचनकारही झाला. ७ फेब्रुवारी १८७२ च्या पावसाळी संध्याकाळी वेल्सबोर्न गावी चेस्टनटच्या झाडाखाली हजाराच्या वर मजूर गोळा झाले. घेवड्याच्या काठ्यांना कंदील टांगले होते. आर्चला उभे राहायला व्यासपीठ मिळाले ते डुक्कर कापण्याच्या चौरंगाचे! त्याच वर्षी मजुरांचा राष्ट्रीय संघ निघाला आणि १८७४ पर्यंत त्याचे ८६,००० वर सभासद झाले. त्याच साली पूर्वेकडील शेतकऱ्यांनी टाळेबंदी करून संघाचे कंबरडे मोडले. पण १८८४ च्या कायद्याने शेतमजुराला मत मिळाले आणि १८८५ साली कावळे हाकणारा तो पोर पार्लमेंटात जाऊन बसला. युवराजाचा सँडरिंगहॅमचा वाडा त्याच्याच मतदारसंघात होता.

तोवर गावगाड्याचा आसच कुरकुरू लागला होता. १८४६ साली धान्यावरील जकातीचे कायदे रद्द झाले. १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू आगबोटींनी येऊ लागला आणि सुवेझ कालव्यावाटे हिंदुस्थानचाही. इंग्रज शेतकऱ्याने नांगरट सोडून गवत राखले, मजुराने शहराची वाट धरली. बंदरांतल्या मोठ्या गिरण्यांनी गावची चक्की थांबविली. स्टर्टनेही पुढे कारखान्यात गॅसचे इंजिन बसविले. हिशेब तपासता त्याला दिसले की वाडवडिलांपासून चालत आलेल्या किमतीत पुष्कळदा लाकूड-मजुरीही सुटत नाही. पण यंत्र येताच कुऱ्हाड आणि तासणी कोपऱ्यात पडली, आणि त्यांच्याबरोबर लाकडाची जातकुळी ओळखणारा डोळाही गेला, ही खंत त्याला जन्मभर राहिली.

या खेड्याविषयी हळहळावे की सुटलो म्हणावे? दहा शिलिंगांत सात पोटे भरणाऱ्या माउलीला गुलाबांचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे होईल. १९०९ च्या जानेवारीत म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन मिळू लागले तेव्हा पोस्टाच्या खिडकीशी कित्येकांना रडू कोसळले, असे थॉम्प्सनबाई सांगतात. ती सुटका खरीच होती. पण एल्मचा तुंबा आणि ओकचा आरा निवडणारी विद्या दारिद्र्याची नव्हती. तीही त्याच लोंढ्यात वाहून गेली. १९५१ साली रेडिंग विद्यापीठाने इंग्लंडच्या ग्रामजीवनाचे संग्रहालय काढले. तेथे खेड्यातल्या गाड्या आणि हत्यारे जपून ठेवली आहेत. ती पाहायला रेडिंगलाच जायला हवे असे नाही. आपल्या गावच्या सुताराच्या पडवीत एखादी जुनी तासणी अजून असेल, आणि ती चालविणारा म्हाताराही असेल. या दिवाळीत गावी गेलात तर त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि बाभळीचे लाकूड कशाला चालते, कशाला चालत नाही, एवढे तरी त्याला विचारा.