अस्वल सापडलं, म्हणजे व्हायरस सापडला का?

गेल्या आठवड्यात लॅबच्या ग्रुपवर एक मेसेज आला. अमुक नावाचा व्हिडिओ आला तर उघडू नका, फोन फॉरमॅट होईल, सगळ्यांना कळवा. मी तो दोन मिनिटांत आणखी तीन ग्रुपांवर टाकला. सरांनी फक्त एवढंच विचारलं, "हे मूळ कुठे आलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकीची माहिती कशी पसरते, हाच माझ्या पीएचडीचा विषय आहे, तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल ते सांगत नाही.

तर आज एक जुनी केस सांगते. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर ती तुमच्या कामाची आहे.

२००२ मध्ये जगभर एक मेल फिरला. मजकूर साधारण असा: माझ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस निघाला, तो माझ्या ॲड्रेसबुकमधून तुमच्याकडेही आला असणार. ॲन्टीव्हायरसला तो दिसत नाही. चौदा दिवस गप्प बसतो, मग नुकसान करतो. 'जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई' ही फाइल शोधा, तिच्यावर छोट्या अस्वलाचं चित्र असेल. न उघडता डिलीट करा, आणि ॲड्रेसबुकातल्या सगळ्यांना कळवा.

लोकांनी शोधलं. फाइल होती. अस्वलही होतं! घाबरून डिलीट केलं आणि मेल पुढे पाठवला.

ती फाइल विंडोजचीच होती. जावा प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याच्या कामाशी संबंधित, मायक्रोसॉफ्टनेच दिलेला एक छोटा प्रोग्रॅम. अस्वलाचं चित्रही त्यांचंच. व्हायरस कुठेच नव्हता. वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने फाइल उडवायची आणि स्वतःच्या हाताने मेल पसरवायचा, असा सगळा मामला.

आता या लोकांना भाबडे म्हणून हसू नका. त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी तपासलं होतं! दाव्यात एक भाकीत होतं (फाइल सापडेल), त्यांनी निरीक्षण केलं, भाकीत खरं ठरलं. मग चुकलं कुठे?

कंट्रोल नव्हता. व्हायरस नसलेल्या कॉम्प्युटरमध्ये ही फाइल असते का, हे कुणी पाहिलंच नाही. नवीकोरी विंडोज टाकलेल्या मशीनवर शोधलं असतं तर तिथेही तेच अस्वल बसलेलं दिसलं असतं. म्हणून पुरावा हाती आला की आधी स्वतःला विचारा: दावा खोटा असता तर मला काय वेगळं दिसलं असतं? इथे उत्तर आहे, काहीच नाही. मग त्या 'पुराव्या'चं वजन शून्य. मुलाखती घेताना, सर्व्हे करताना, स्लाइड बघताना हीच चूक आपण सगळे करतो, फक्त तिथे अस्वल दिसत नाही.

याच्या आदल्या वर्षी 'सल्फएनबीके' नावाच्या फाइलबद्दल असाच मेल फिरला होता. तीही विंडोजचीच, लांब फाइलनावं पूर्ववत करण्यासाठीची. पण इथे एक गोम आहे. त्या काळात मॅजिस्टर नावाचा खराखुरा व्हायरस फिरत होता. तो अशा फायलींना लागण करून त्या मेलला जोडून पाठवायचा, आणि त्यात कधीकधी ही फाइलही असायची. म्हणजे मेलला जोडून आलेली ती फाइल धोक्याची असू शकत होती, आणि मशीनमध्ये आधीपासून असलेली बहुधा निरुपद्रवी. नुसतं नाव बघून काहीच ठरत नाही.

"असं तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही" या युक्तिवादावर मात्र फार विसंबू नका. १९९४ मध्ये 'गुड टाइम्स' नावाच्या मेलची अफवा होती: नुसता वाचला तरी हार्ड डिस्क जाईल, आणि हा इशारा म्हणे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने दिलाय. (हा आयोग व्हायरसचे इशारे देत नाही, ही पहिली खूण.) त्यात 'एनथ-कॉम्प्लेक्सिटी इन्फिनिट बायनरी लूप' असा भारदस्त शब्दप्रयोग होता, ज्याला काही अर्थ नाही. साधा मजकूर वाचून लागण होत नाही, हे तेव्हाचं उत्तर बरोबर होतं. पण १९९९ मध्ये 'बबलबॉय' आला आणि आउटलुकमध्ये मेल उघडल्यावरच तो चालू व्हायचा. पाच वर्षांत नियम जुना झाला.

त्यापेक्षा मूळ शोधणं टिकाऊ. खऱ्या सूचनेला तारीख असते, कोणत्या आवृत्तीला धोका आहे ते लिहिलेलं असतं, आणि सर्ट-इनसारख्या संस्थेच्या साइटवर ती तुम्हाला स्वतः उघडून वाचता येते. अफवेत "कालच जाहीर झालं" असतं, आणि तो 'काल' कधीच जुना होत नाही. शिवाय पाच ग्रुपांवर एकच मेसेज आला म्हणजे पाच स्रोत झाले नाहीत. एकाच जुन्या पेपरला पाच पेपर सायटेशन देतात, तसंच हे. आणि "सगळ्यांना पाठवा" हे वाक्य तर देवीच्या नावाने येणाऱ्या "अकरा जणांना लिहा" या पोस्टकार्डांपासूनचं आहे.

मी त्या तिन्ही ग्रुपांवर जाऊन "हे खोटं आहे, चूक माझी" असं लिहिलं. ते कुणी पुढे पाठवलं नाही. एका मावशींनी लिहिलं, "असू दे गं, सावध राहिलेलं बरं." मूळ मेसेज मात्र काल हॉस्टेलच्या ग्रुपवर परत आला. सुरुवात होती, "कालच कळलं..."