दोन तासांचा पहारा

अखंड हरिनाम सप्ताहाचा पहिला नियम असा की, सात दिवस वीणा जमिनीला टेकता कामा नये. पहिल्या दिवशी वीणापूजन झालं, विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा पडली, की ती काल्याच्या कीर्तनापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या गळ्यातच राहते. सात दिवसांचे १६८ तास. दोन-दोन तासांचे पहारे लावले तर ८४ पाळ्या होतात, आणि प्रत्येक पाळीला एक विणेकरी व सोबत चार-दोन टाळकरी लागतातच. म्हणजे एका गल्लीनं सप्ताह धरला की गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची गरज पडते. ही रीत ज्यांनी घालून दिली, त्यांना भक्तीइतकीच माणसंही कळत होती.

बीड जिल्ह्यात सप्ताह होत नाही असं गाव शोधावंच लागेल. नारायणगड, गहिनीनाथगड, सीमेवरचा भगवानगड अशा वारकरी गडांनी हा भाग बांधलेला आहे. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटला जन्मलेल्या संत भगवानबाबांचा (१८९६–१९६५) नारळी सप्ताह अजून चालतो. एका गावचा काला झाला की पुढच्या वर्षीचा नारळ दुसऱ्या गावाला दिला जातो, आणि ते गाव वर्षभर तयारीला लागतं. पोरांच्या शाळेसाठी, नोकरीसाठी, पाण्यासाठी माणसं बीड, अंबाजोगाई, परळीला राहायला आली, तेव्हा सप्ताह त्यांच्यासोबतच आला. गावी पारावर किंवा देवळात होणारा सप्ताह शहरात गल्लीतल्या मारुतीपुढे, रस्त्यावर मांडव टाकून होऊ लागला.

दिवस पहाटेच्या काकड्यानं उघडतो. मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि नंतर जागर. कीर्तनाला मांडव भरतो, त्याचं काही विशेष नाही. नावाजलेला महाराज आणला की लांबून गर्दी येते. गल्लीची खरी परीक्षा रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला असते. तेव्हा ऐकणारं कुणी नसतं. त्या वेळचा विणेकरी आणि पेंगुळलेले दोन टाळकरी यांच्या भरवशावर ‘अखंड’ हा शब्द उभा असतो. पुढचा माणूस आला नाही तर आधीच्याला वीणा ठेवून घरी जाता येत नाही, म्हणून तो येतो. ‘अण्णा, द्या आता, तुम्ही टेका जरा,’ एवढंच बोलणं होतं. वीणा देणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. घेणारा विशीतला पोरगा आणि देणारा साठीचा आजोबा असला तरी दोघंही वाकतात.

पहाऱ्याची यादी देवळाच्या भिंतीवर लावलेली असते. तिच्यात नाव असणं किती मोठं आहे, हे ऊसतोडीला जाणाऱ्या जिल्ह्यातच नीट कळतं. दिवाळीच्या आगेमागे इथून लाखो माणसं कारखान्यांकडे जातात. तिथं हिशेब ‘कोयत्या’वर चालतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आगाऊ उचल कोयत्याला, मजुरी कोयत्याची. म्हणजे एकटा माणूस त्या वहीत अर्धा कोयता. पाडव्याच्या सुमारास पट्टा पडतो, म्हणजे तोडणीचा हंगाम संपतो, माणसं परततात, आणि रामनवमी-हनुमान जयंतीचे सप्ताह याच दिवसांत असतात. सहा महिने अर्धा कोयता म्हणून मोजलेल्या माणसाचं भिंतीवर पूर्ण नाव लागतं. त्याच्या वाट्याचे दोन तास दुसरं कुणी भरून काढू शकत नाही. मला सप्ताहाचं हे सगळ्यात मोठं देणं वाटतं.

स्वयंपाकाची बाजू बायकांनी पेललेली असते. आमटीची कढई भट्टीवर मांडवामागे चढते, पण पोळ्या आणि भाकरी घराघरातून येतात. कुणी किती द्यायच्या ते ठरलेलं असतं. ज्या घरात म्हातारी एकटी असते तिथून दहा आल्या तरी टोपल्यात मानानं पडतात. वाढायला आठवी-नववीची पोरं. हातात बादली घेऊन पंगतीतून सरळ चालायला, ‘घ्या माय, घ्या मामा’ म्हणायला ती इथंच शिकतात. दुष्काळाच्या साली पंगतीसाठी पाण्याचा टँकर कुठून आणायचा, हीच पहिल्या बैठकीची मोठी चर्चा असते.

पहाऱ्याची यादी ज्याच्या हाती असते, त्याला गल्लीतलं प्रत्येक दार माहीत असतं: कोण रात्रपाळीला, कोण आजारी, कुणाचा मुलगा पुण्याला. ही माहिती सप्ताहाबाहेरही कामाची असते. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरा नदीच्या पुरानं बीडमधल्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. अशा वेळी कुठल्या घरात चालता न येणारी माणसं आहेत, हे शेजाऱ्याला आधीच ठाऊक असावं लागतं.

उणिवा झाकण्यात अर्थ नाही. बायका काकड्याला येतात, भाकरी करतात, कीर्तन ऐकतात. पण पहाऱ्याच्या यादीत त्यांची नावं अजून कितीतरी ठिकाणी नाहीत. हे बदलायलाच हवं. मांडवाच्या कमानीवर देवापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे होत चालले आहेत. आणि २०२३ पासून मराठा-ओबीसी आरक्षणाच्या वादानं जिल्ह्यात मनं दुभंगली, ती दुही पंगतीपर्यंत पोचली आहे. सोबत शाळा शिकलेली माणसं एकमेकांच्या सप्ताहाला जायची थांबली, तर ज्या वारकरी विचारानं हा सप्ताह दिला त्याच्याशीच ती बेइमानी ठरेल. यादी करणाऱ्यांनी आपल्या जातीबाहेरच्या दारावर स्वतः जाऊन पहारा मागावा. निरोप धाडून हे होत नाही.

काल्याच्या दिवशी दहीहंडी फुटते, बुंदीची पंगत उठते आणि संध्याकाळी जमाखर्च मोठ्यानं वाचला जातो. पन्नास रुपये देणाऱ्याचंही नाव त्यात येतं. शिल्लक राहिली तर सतरंज्या, पातेली, मोठी कढई घेतात. ही भांडी देवळामागच्या खोलीत राहतात आणि वर्षभर गल्लीतल्या लग्नाला, बारशाला, दहाव्या-तेराव्याला जातात. भाडं नसतं. घासून, मोजून परत आणून द्यायची, एवढी एकच अट असते.